पूर्व रोमन साम्राज्य ११२३ वर्षे कशावर टिकले आणि शेवटी का पडले?

प्रश्न – ब्रह्मपुरीकर

नमस्कार. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतील आमच्या वाचनमंडळात पुढच्या महिन्यात मला बायझंटाईन, म्हणजेच पूर्व रोमन साम्राज्यावर तासभर बोलायचे आहे, आणि तयारी करताना एका ठिकाणी मी अडकलो आहे. या विषयाची ओढ मला टाऊन हॉलमधल्या संग्रहालयाने लावली. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती शाळेत असताना पाहिली होती. रोमचा व्यापार पंचगंगेच्या काठापर्यंत पोहोचला होता हे कळल्यावर ते रोम पुढे कोठे गेले, असा प्रश्न मनात राहिला. ते बराच काळ कोठेही गेले नव्हते, हे मला फार उशिरा समजले. पश्चिमेतील शेवटचा सम्राट ४७६ मध्ये पदच्युत झाला. पण ११ मे ३३० रोजी कॉन्स्टंटाईनने बॉस्फरसच्या सामुद्रधुनीच्या काठावर कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) या ज्या नव्या राजधानीचे उद्घाटन केले, तेथे रोमन सम्राटांची परंपरा २९ मे १४५३ पर्यंत चालली. १२०४ ते १२६१ ही ५७ वर्षे राजधानी परक्यांच्या हातात होती, तरी परंपरा तुटली नाही.

माझी अडचण अशी आहे. सातव्या शतकात या राज्यावर जे संकट आले, त्यातून ते वाचायलाच नको होते. ६०२ ते ६२८ अशी २६ वर्षे पर्शियाशी युद्ध झाले, ६२६ मध्ये खुद्द राजधानीला वेढा पडला, सम्राट हेराक्लियसने ते युद्ध कसेबसे जिंकले आणि पुढच्या आठच वर्षांत यार्मूकच्या लढाईत अरबांकडून पराभव होऊन सीरिया, पॅलेस्टाईन आणि पाठोपाठ इजिप्त गेले. तरीही राज्य उभे राहिले आणि पुढे ८०० वर्षे चालले. सर्वसाधारण पुस्तकांत याचे श्रेय तटबंदीला आणि पाण्यावरही जळणाऱ्या ‘ग्रीक अग्नी’ला दिलेले असते. पण तोच तट १४५३ मध्येही उभा होता. तुर्कांच्या तोफेने तो फोडला, हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण तोफ तटासमोर आली तेव्हा साम्राज्यात राजधानी, थोडी किनारपट्टी, काही बेटे आणि दक्षिण ग्रीसमधला मोरियाचा प्रांत एवढेच शिल्लक होते. म्हणजे तोफेच्या आधीच काहीतरी संपले होते. ते काय, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – जुना सातबारा

आपण बरोबर ठिकाणी बोट ठेवले आहे. माझी सारी नोकरी महसूल खात्यात, खाती आणि फेरफार पाहण्यात गेली. त्यामुळे कोणत्याही राज्याचा विचार करताना मला आधी तट दिसत नाही, वसूल दिसतो. माझे उत्तर त्या बाजूला झुकलेले आहे, हे ध्यानात ठेवून वाचावे.

सातव्या शतकात या राज्याने इजिप्तचे धान्य गमावले, सीरियाचा पैसा गमावला, पण शेतसारा ठरवण्याची, तो वसूल करण्याची आणि त्यातून शिपायाला पगार देण्याची व्यवस्था गमावली नाही. पश्चिम युरोपात हीच व्यवस्था मोडली आणि राजाने सरदाराला जमीन द्यावी, सरदाराने वेळेला माणसे आणावीत, एवढेच नाते उरले. कॉन्स्टँटिनोपलमध्ये जमिनीच्या नोंदी, खातेदारांची नावे, सोन्याच्या नाण्यात सारा आणि त्याच नाण्यात पगार हे चक्र, पुष्कळ आकसून का होईना, फिरत राहिले. पूर्वेकडून मागे हटलेल्या फौजा आशिया मायनरमध्ये (आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागात) ज्या ज्या मुलखात बसल्या, त्या मुलखांचेच पुढे प्रांत झाले. त्यांना ‘थेमा’ म्हणत आणि प्रत्येकावर एक सेनापती असे. या शिपायांना जमिनी नेमक्या कोणी आणि केव्हा दिल्या, यावर अभ्यासकांत वाद आहे. परंतु दहाव्या शतकातले कायदे वाचले की चित्र स्पष्ट होते: घोडेस्वाराच्या नावावर किमान चार पौंड सोन्याच्या किमतीची जमीन राहिलीच पाहिजे आणि ती त्याला विकता येणार नाही, असा सातव्या कॉन्स्टंटाईनचा दंडक आहे. ज्या घराची जमीन, त्या घरातून शिपाई, असा हा हिशेब होता.

आता जरा तपशिलात जातो, कारण मला वाटते की या साम्राज्याचे खरे नशीब येथे ठरले. ९२७–२८ च्या हिवाळ्यात तिकडे अशी थंडी पडली की जमीन १२० दिवस गोठून राहिली. पीक गेले, दुष्काळ पडला, लहान शेतकऱ्यांनी पोटासाठी जमिनी विकल्या आणि मोठ्यांनी त्या कवडीमोलाने घेतल्या. आपल्याकडे दुष्काळात सावकाराने जमिनी लिहून घेतल्या त्याच चालीने हे झाले. सम्राट पहिल्या रोमानोसने ९३४ मध्ये कायदा करून हे व्यवहार फिरवले. विकायची वेळ आली तर पहिला हक्क भाऊबंदांचा आणि शेजाऱ्यांचा, गावाबाहेरच्या बड्या माणसाने गावात शिरायचे नाही, आणि अगदी पडत्या किमतीत घेतलेली जमीन मोबदल्याविना परत करायची, असा त्याचा आशय होता. यात दया होती, पण हिशेबही होता. सारा गावाने मिळून भरायचा असे. एक खातेदार उठला की त्याचा बोजा शेजाऱ्यांवर पडे. मोठा जमीनदार मात्र वजन वापरून सूट मिळवी. म्हणजे लहान खाते मोठ्याच्या पोटात गेले की सरकारचा एक करदाता आणि एक शिपाई दोन्ही कमी होत.

बॅसिल दुसरा याने ९९६ मध्ये हा कायदा फार कडक केला. चाळीस वर्षे कब्जा असला की जमीन कायम, ही मुदतीची पळवाट त्याने बंद केली. त्या कायद्यात फिलोकालेस नावाच्या माणसाची हकीकत आहे. हा मूळचा साधा गावकरी. दरबारात चढत चढत मोठ्या हुद्द्यावर गेला आणि त्याने आपले सबंध गाव हळूहळू विकत घेतले. सम्राट त्या बाजूने जात असताना गावकऱ्यांची तक्रार त्याच्या कानावर गेली. त्याने फिलोकालेसची बांधकामे जमीनदोस्त केली, जमिनी गावाला परत दिल्या आणि त्याला पूर्वीच्या तुकड्यावर पुन्हा साधा खातेदार करून ठेवले. पुढे १००२ च्या सुमारास बॅसिलने गरीब खातेदाराची थकबाकी शेजारच्या बड्या जमीनदाराने भरावी, असेही फर्मान काढले. माझ्या नोकरीत मी पुष्कळ फेरफार पाहिले, पण राज्यकर्त्याने स्वतः जाऊन एवढा मोठा फेरफार उलटवल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

बॅसिल १०२५ मध्ये वारला. थकबाकीचे ते फर्मान तीनच वर्षांत, तिसऱ्या रोमानोसने रद्द केले. त्यानंतर बड्यांना कोणी अडवले नाही. नववा कॉन्स्टंटाईन याने आर्मेनियाच्या सरहद्दीवरची फौज मोडून तिच्या सेवेऐवजी रोख कर घेतला. ती फौज ५०,००० ची होती, असे त्याच शतकातला इतिहासकार लिहितो. सरहद्द उघडी पडली ती तेथे. १०७१ मध्ये मांझिकर्टला चौथा रोमानोस सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याच्या हाती जिवंत सापडला, ही घटना सगळे सांगतात. पण सुलतानाने त्याला काही दिवसांतच सोडले होते. घरच्याच विरोधकांनी त्याला पदच्युत करून त्याचे डोळे काढले आणि पुढची दहा वर्षे गादीचे दावेदार तुर्कांनाच भाड्याने बोलावून एकमेकांवर घालत राहिले. मांझिकर्टच्या मैदानावर आशिया मायनर गेला नाही, तो या दहा वर्षांत गेला.

बाराव्या शतकापासून सम्राट एखाद्या मुलखाचा वसूलच सरदाराच्या नावे लावून देऊ लागले. त्याला ‘प्रोनोया’ म्हणत, आणि आपल्या सरंजामाशी त्याचे साम्य डोळ्यांत भरते. आधी हे हयातीपुरते होते, पुढे वंशपरंपरागत झाले. कोल्हापूरच्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदार म्हणजे लहान लहान राजेच असतात, त्यांना वाढू देऊ नये आणि फार दुखवूही नये, ही जी काळजी व्यक्त झाली आहे, ती बॅसिलच्या कायद्याशेजारी ठेवून वाचावी. दोन्ही ठिकाणी दुखणे एकच आहे.

उत्तर – गुजरीचा कट्टा

सातबारा काकांनी साऱ्याचे सांगितले, मी त्या साऱ्याच्या नाण्याविषयी लिहितो. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या गुजरीत सराफीच्या धंद्यात आहे, त्यामुळे या साम्राज्याशी माझी ओळख त्याच्या सोन्यावरून झाली.

कॉन्स्टंटाईनने सुरू केलेले ‘सोलिडस’ हे नाणे एका रोमन पौंडात ७२ बसत. म्हणजे एक नाणे सुमारे साडेचार ग्रॅमचे, आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने अर्ध्या तोळ्याला किंचित कमी. सोने मात्र शुद्ध, २४ कॅरेटच्या जवळचे. हा टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, जवळजवळ ७०० वर्षे ढळला नाही. इतका दीर्घकाळ एकाच टंचाचे नाणे पाडत राहणे म्हणजे काय, हे धंद्यातल्या माणसाला लगेच कळते. हे नाणे आपल्या दक्षिण भारतातही सापडते. सहाव्या शतकातला कॉस्मास हा ग्रीक व्यापारी तर सिंहलद्वीपाच्या राजासमोर रोमन सोन्याचे आणि पर्शियन चांदीचे नाणे शेजारी शेजारी ठेवल्याची गोष्ट सांगतो, आणि त्यात अर्थातच रोमन नाणे जिंकते. सम्राट अनास्तासियस ५१८ मध्ये वारला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पौंड सोने शिल्लक होते, असे इतिहासकार प्रोकोपियसने लिहिले आहे. या सोन्याने त्यांनी सैन्य पोसलेच, शिवाय अनेक युद्धे न लढताच टाळली. एका टोळीला पैसे देऊन दुसरीच्या मागे लावायचे, एखाद्या राजाला मुलगी द्यायची, एखाद्याला भरजरी वस्त्रे आणि पदवी पाठवायची, ही त्यांची नेहमीची रीत होती. ज्याच्या नाण्यावर शत्रूचाही विश्वास असतो, त्यालाच हे परवडते.

घसरण चौथ्या मिखाईलच्या काळात, १०३४ नंतर सुरू झाली. सम्राट होण्यापूर्वी हा माणूस स्वतः नाणेबदलाचा धंदा करत असे, असे जुने इतिहासकार सांगतात. मला हे वाचून मनापासून वाईट वाटले. त्याच्यानंतर नवव्या कॉन्स्टंटाईनच्या काळात नाणे १८ कॅरेटपर्यंत आले, म्हणजे आमच्या भाषेत ७५ टंच. मांझिकर्टनंतर गादीवर आलेल्या सातव्या मिखाईलच्या राज्यात एका नाण्याला मिळणारा गहू पाव मापाने कमी झाला आणि लोकांनी त्याचे नावच ‘पावकमी’ असे पाडले. तिसऱ्या निकेफोरसच्या अखेरीस सोने ८ कॅरेटच्या आसपास आणि १०९० च्या सुमारास जवळजवळ नाहीच. जे नाणे ७०० वर्षे हलले नाही, ते ६० वर्षांत संपले.

मिसळ चांदीची असल्याने हे नाणे आधी पिवळे, मग फिकट, मग पांढरट दिसू लागते. कसोटीच्या दगडावर चांगल्या सोन्याची रेघ ओढून तेजाब लावले तरी ती तशीच राहते, ८ कॅरेटची रेघ मात्र बघता बघता उडून जाते. त्या शहरातल्या सराफांनीही हे पाहिलेच असणार. पहिल्या अॅलेक्सियसने १०९२ मध्ये साडेवीस कॅरेटचे नवे नाणे काढून पत पुष्कळशी सावरली, हे त्याचे मोठे काम आहे. पण चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर सोन्याचे नाणे पाडणे कायमचे बंद झाले.

शेवटची अवस्था सांगतो. १३४३ मध्ये राजमाता अॅना हिने राजमुकुटातील जडजवाहीर ३०,००० डुकाटांसाठी (व्हेनिसची सोन्याची नाणी) व्हेनिसकडे गहाण ठेवले. ते कधीच सुटले नाही. चार वर्षांनी सहाव्या जॉनचा राज्याभिषेक झाला तेव्हा मुकुटात रत्नांच्या जागी रंगीत काच होती, सोन्याच्या जागी मुलामा दिलेले चामडे होते आणि मेजवानीला कथलाची व मातीची भांडी होती. त्याच समारंभाच्या काळातला इतिहासकार ग्रेगोरास हे लिहून गेला आहे. गहाण सोडवता न आल्याने दागिना बुडतो, तेव्हा घरातल्या बाईचा चेहरा कसा होतो, हे मी दुकानात अनेकदा पाहिले आहे. त्या प्रसंगाविषयी वाचताना मला तेच चेहरे आठवतात.

उत्तर – तटावरून

वरची दोन्ही उत्तरे आवडली, पण तटाला इतके मागे ढकलू नये, अशी माझी विनंती आहे. मी तो तट पायी चाललो आहे. जमिनीकडच्या बाजूने सहा किलोमीटरच्या आसपास त्याची लांबी आहे आणि तो एक तट नाही, एकामागे एक उभी केलेली रचना आहे. आधी सुमारे २० मीटर रुंद खंदक, त्याच्या आतल्या काठावर कमरेएवढी भिंत, मग बाहेरचा तट, मग मोकळी पट्टी आणि त्यामागे १२ मीटर उंचीचा, ९६ बुरुजांचा आतला तट. पांढरट चुनखडीच्या थरांमध्ये लाल विटांचे पट्टे आहेत. आज खंदकाच्या काही भागांत भाजीचे वाफे आहेत. सलाडच्या पाल्याला पाणी देणारा माळी आणि त्याच्या डोक्यावर पाचव्या शतकातला बुरुज, असे दृश्य मी अर्धा तास पाहत उभा होतो.

दुसऱ्या थिओडोसियसच्या राज्यात ४१३ मध्ये हा तट उभा राहिला. ४४७ च्या भूकंपात ५७ बुरुज ढासळले, आणि तेव्हा अटिलाचे हूण चालून येत होते. शहरातल्या रथशर्यतींच्या प्रतिस्पर्धी गटांना तटाचे भाग वाटून देऊन दोन महिन्यांत बांधकाम पुरे केले, असे सांगतात. त्यानंतर हजार वर्षांत अवार, अरब, बल्गार, रूस असे कितीतरी येऊन गेले; जमिनीकडचा हा तट हल्ला करून कोणी घेतला नाही. १२०४ मध्ये पश्चिम युरोपातले धर्मयोद्धे (क्रुसेडर) शिरले तेही खाडीकडच्या, पाण्याच्या बाजूच्या तटावरून. पाण्याची सोय हा तटाचाच भाग समजावा. व्हॅलेन्सचा जलसेतू, उघडी तळी आणि जस्टिनियनच्या काळातले ३३६ खांबांचे भुयारी टाके पाहिल्यावर या शहराने वेढ्याचा विचार किती आधी करून ठेवला होता, ते कळते. पन्हाळ्याचे आपल्याला माहीत आहेच. १६६० मध्ये राजापूरच्या इंग्रजांच्या तोफा येऊनही सिद्दी जौहरला गड लढून घेता आला नाही. चिंता होती ती आत दाणागोटा किती दिवस पुरेल याची. कॉन्स्टँटिनोपलला तर समुद्र मोकळा असेपर्यंत तीही चिंता नव्हती.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच की कर आणि नाणे सावरायला जो वेळ लागतो, तो वेळ या तटाने मिळवून दिला. ७१७ मध्ये अरबांचा वेढा यशस्वी झाला असता, तर काकांच्या बॅसिलला कायदे करायला राज्यच उरले नसते.

ब्रह्मपुरीकर

तिघांचेही मनापासून आभार. तटाविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण त्यातूनच पुढचा प्रश्न निघतो. समुद्र मोकळा असेपर्यंत शहर सुरक्षित होते, तर समुद्र कोणी आणि कसा घालवला? आणि १२०४ ची लूट हा बाहेरून आलेला घाला म्हणायचा, की त्याची वाट आतूनच तयार झाली होती?

उत्तर – जुना सातबारा

‘तटावरून’ यांचे म्हणणे मला मान्य आहे. तटाने वेळ दिला हे शब्द मी तसेच उचलतो.

समुद्र त्यांनी स्वतःच्या सही-शिक्क्याने घालवला. दक्षिण इटलीतून चालून आलेल्या नॉर्मनांशी लढण्यासाठी आरमार हवे होते म्हणून पहिल्या अॅलेक्सियसने १०८२ मध्ये व्हेनिसला सनद दिली. त्या सनदेने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची जकात माफ झाली आणि राजधानीत त्यांना स्वतःचे धक्के मिळाले. खुद्द सम्राटाची प्रजा दहा टक्के जकात भरत होती. त्या वेळची निकड खरी होती, हे मी नाकारत नाही. पण तातडीची सूट एकदा दिली की ती काढून घेणे किती अवघड असते, हे आमच्या खात्यात प्रत्येकाला ठाऊक आहे. नंतरच्या सम्राटांनी ती काढायचा प्रयत्न केला तेव्हा व्हेनिसने आरमार पाठवून ती परत मिळवली. राग साचत गेला. ११८२ मध्ये शहरातल्या जमावाने लॅटिन, म्हणजे पश्चिम युरोपीय लोकांच्या वस्तीची कत्तल केली. ते कृत्य भयंकर होते आणि पश्चिमेत ते कोणी विसरले नाही.

१२०४ ची वाट निश्चितच आतून निघाली. गादीवरून हटवलेल्या सम्राटाचा मुलगा अॅलेक्सियस धर्मयोद्ध्यांकडे गेला आणि मला गादी मिळवून द्या, मी २,००,००० मार्क चांदी देतो, असे वचन देऊन बसला. गादी मिळाली, पण खजिन्यात तेवढी चांदी नव्हती. देवळांतली पात्रे आणि मूर्तींचे मढवलेले पत्रे वितळवूनही भरणा पुरा झाला नाही. पैसे बुडाले असे दिसताच, १३ एप्रिल १२०४ रोजी, कर्ज देणाऱ्यांनी शहरच लुटायला घेतले आणि तीन दिवस लुटले. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमधले चार कांस्य घोडे त्या लुटीतले आहेत.

राजधानी गेल्यावर आशिया मायनरमधल्या निकेया शहराच्या आश्रयाला गेलेल्या राज्याने १२६१ मध्ये राजधानी परत मिळवली. सारे त्याला पुनरुत्थान म्हणतात, पण त्यातच पुढची चूक घडली असे मला वाटते. निकेयाच्या राजांनी पूर्व सरहद्दीवरच्या डोंगरी पहारेकऱ्यांना करमुक्त जमिनी देऊन ती सरहद्द घट्ट धरली होती. आठव्या मिखाईलने राजधानीत आल्यावर पश्चिमेकडच्या शत्रूंसाठी पैसा उभा करताना या जमिनींवर हात टाकला आणि पहारेकऱ्यांना वर्षाला ४० नाण्यांचा पगार लावून दिला. पगार रखडू लागला, पहारेकरी उठून गेले. नेमक्या त्याच भागात, १३०२ मध्ये, बाफेयस येथे उस्मानने सम्राटाच्या फौजेचा पराभव केला. ज्याच्या नावावरून ऑटोमन घराणे ओळखले जाते, तो हा उस्मान. आधी १२८५ मध्ये खर्च वाचवण्यासाठी दुसऱ्या आंद्रोनिकसने आरमारही मोडून टाकले होते आणि बेकार झालेले खलाशी शत्रूच्या जहाजांवर जाऊन चढले. चौदाव्या शतकाच्या मध्याला खाडीपलीकडच्या गॅलाटा या जेनोवावाल्यांच्या वसाहतीची जकात वर्षाला २,००,००० नाणी होती आणि खुद्द राजधानीची ३०,०००, असे ग्रेगोरासच लिहितो. त्यात घराण्यातल्या गादीच्या दोन लढाया आणि १३४७ ची प्लेगची साथ. १३५४ च्या भूकंपात युरोपच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीचा तट पडला आणि समोरच्या आशियाच्या बाजूने तुर्क त्यात येऊन बसले, ते परत गेले नाहीत.

शेवटी १४५३ मध्ये अकराव्या कॉन्स्टंटाईनने आपला विश्वासू स्फ्रान्झेस याला शहरात हत्यार धरू शकणाऱ्या माणसांची यादी करायला सांगितले. त्याने गल्लीगल्लीतून याद्या मागवून बेरीज केली: ४,९७३. सम्राटाने हा आकडा कोणाला सांगू नकोस म्हणून बजावले. परदेशी मदतनीस धरून सात हजारांच्या आसपास माणसे होती आणि ती सहा किलोमीटरच्या तटावर आणि त्याहून लांब अशा पाण्याच्या बाजूच्या तटावर पसरायची होती. तरी ती ५३ दिवस लढली. ओर्बान नावाचा हंगेरियन तोफ ओतणारा आधी याच सम्राटाच्या नोकरीत होता, पण त्याचा पगार देता आला नाही म्हणून तो सुलतान दुसऱ्या मेहमेदकडे गेला. तोफेने तट फोडला हे खरे. पण तोफवाला तटाच्या आत होता आणि पगाराअभावी बाहेर गेला, हे ब्रह्मपुरीकरांनी व्याख्यानात जरूर सांगावे.

उत्तर – इतिहासाच्या बाई

मी शाळेत इतिहास शिकवते. एक दुरुस्ती आवर्जून करावीशी वाटते, कारण ती चूक मीही अनेक वर्षे फळ्यावर लिहिली. तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतले, व्यापारी मार्ग बंद झाला आणि म्हणून युरोपीय लोक भारताचा समुद्रमार्ग शोधायला निघाले, असे आपल्याकडे एका वाक्यात सांगितले जाते. प्रत्यक्षात मिरीचा मोठा मार्ग इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियावरून जात होता आणि तो १४५३ नंतरही चालू राहिला; व्हेनिसचे व्यापारी सुलतानाशीही तह करून व्यापार करत राहिले. पोर्तुगीजांनी तर १४१५ मध्येच उत्तर आफ्रिकेतले सेउता बंदर घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे मोहरा वळवला होता.

दुसरी गोष्ट नावाची. ‘बायझंटाईन’ हे नाव त्या लोकांनी स्वतःला कधी लावले नाही. १५५७ मध्ये हिरोनिमस वोल्फ या जर्मन विद्वानाच्या ग्रंथापासून ते रुळले. ते स्वतःला रोमनच म्हणवत, आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या तोंडी तो मुलूख ‘रूम’ होता. आपल्या जुन्या मराठीतला ‘रूमशाम’ (रूम आणि शाम, म्हणजे सीरिया) हा शब्द तेथूनच आला. विजापूरला गेलात तर मुलूखमैदान तोफ पाहा. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ज्या कारागिराने ओतली, त्याच्या नावातही ‘रूमी’ आहे. साम्राज्य जाऊन शंभर वर्षे झाली होती, मुलूख तुर्कांचा होता आणि तरी तेथून आलेला माणूस दख्खनमध्ये रोमचा म्हणून ओळखला जात होता.

ब्रह्मपुरीकर

बाई, रूमी या नावाकडे मी या दृष्टीने कधीच पाहिले नव्हते. आता पोसायडन आणि मुलूखमैदान या दोहोंच्या मध्ये माझे व्याख्यान बसवता येईल. १४५३ पासून सुरुवात करण्याचा बेत मी सोडला आहे. फिलोकालेसच्या गावापासून सुरू करतो, तट आणि समुद्र मध्ये घेतो आणि ४,९७३ या आकड्यावर येतो. गुजरीच्या कट्ट्यावरच्या दादांना एक विनंती आहे. टंचाचा भाग माझ्या तोंडून पुस्तकी वाटेल. त्या दिवशी आपण स्वतः येऊन तो सांगाल का?

गुजरीचा कट्टा

आनंदाने येतो. जुने नाणे माझ्याकडे नाही, पण कसोटी, तेजाब आणि २४, १८ व ८ कॅरेटचे तीन तुकडे बरोबर आणतो. तीन रेघा शेजारी शेजारी ओढून दाखवीन; खोलीत फक्त दिवा चांगला असावा आणि एक खिडकी उघडी ठेवावी, तेजाबाचा वास उग्र असतो.